दोराचं दुसरं टोक

“आणखी काय करून दाखवू म्हणजे दोर द्याल?”

धावजी मास्तर भुईमुगाची शेंग फोडत होते. टरफल त्यांनी बाजूला ठेवलं, दाणे तोंडात टाकले.

“घारकडा चार वेळा चढले. एकदा तर निसरडा असताना. मागच्या मे महिन्यात बुटांशिवाय चढले, तुमच्या डोळ्यांदेखत.”

“पाहिलं की.”

“मग?”

“छान चढतेस.”

“मग दोर…”

“चढणारे पुष्कळ आहेत गं,” मास्तर म्हणाले, आणि दुसरी शेंग घेतली.

मास्तरांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. जुन्नरच्या बाजूला डोंगरात हिंडणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांतल्या निम्म्यांना डोंगरावर पहिल्यांदा त्यांनीच नेलं. दरवर्षी त्यांच्या नावानं कार्यक्रम होतो. माइकवर लोक सांगतात, मास्तर किती निधड्या छातीचे होते, मरणाला कसे हसायचे. फलकावर त्यांचा कड्यावरचा फोटो असतो.

केतकी डुंबरे मागच्या रांगेत बसते. तिला बोलायला बोलावतात. ती उठत नाही.

तिला आठवते ती एकच दुपार. त्या दुपारी धाडस असं काहीच घडलं नव्हतं. माइकवर सांगावं असं त्यात काही नाही.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. इंजिनिअरिंग झालेलं, पुण्याची नोकरी नाकारलेली. घरचे बोलत नव्हते, तिला पर्वा नव्हती. या देशातल्या तरुणांना कुणीतरी निर्भय करायला हवं, असं तिला मनापासून वाटायचं. लोक लाच देतात भीतीनं, गप्प बसतात भीतीनं, नको त्या माणसाशी लग्न करतात भीतीनं. एकदा कड्यावरून खाली उतरून आलं की माणूस कुणाला म्हणून घाबरत नाही, असं ती ठासून सांगायची.

आणि त्यासाठी तिला दोर हवा होता.

मास्तरांकडं रीत अशी होती, की पोरं कडा उतरायला लागली की वर बसून दोर धरायचा तो एकानंच. बाकी सगळे मदतनीस. तीस वर्षं तो एक म्हणजे मास्तर स्वतः होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावरही नऊ वर्षं त्यांनी दोर कुणाच्या हाती दिला नव्हता. पण आता वय सदुसष्ट, गुडघे गेलेले. यंदा ते म्हणाले होते, “दोर दुसऱ्या कुणीतरी धरायचा.”

शिबिर दुसऱ्याच दिवशी होतं. फर्स्ट इयरची चौदा पोरंपोरी घारकडा उतरणार होती. आणि मास्तरांनी अजून नाव घेतलं नव्हतं.

म्हणून ती दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली होती. मास्तर म्हणाले होते, “चल, कड्यावर जाऊन बोलू.” दोर त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला होता.

निघताना मास्तरीणबाई उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. “केतकी, दिवस मावळायच्या आत आण गं त्यांना. वाल भिजत घातलेत, उसळ टाकते. तूही जेवायलाच ये.”

“आणते की,” केतकी म्हणाली होती. चालता चालताच. मागं न बघता.

“तुम्ही रागावलाय का माझ्यावर?” आता कड्यावर बसून तिनं विचारलं. “त्या जाईमुळं?”

मास्तर शेंगांची पुरचुंडी बांधत होते.

“ती रडली, म्हणून? पण खरं सांगा मास्तर, माझं काय चुकलं?”

जाई बुळे ही वाडीतलीच अठरा वर्षांची पोरगी. मागच्या रविवारी सरावाच्या खडकावर ती मधेच थिजली. ना वर, ना खाली. जमीन दहा हातांवर होती. केतकी वरून ओरडली होती, “अगं, पडलीस तरी काही मरत नाहीस! उडी मार!” सगळे हसले. जाई कशीबशी खाली आली आणि चपला हातात घेऊन घरी गेली. केतकीनं तिला पाठमोरीच ऐकवलं होतं, “उद्यापासून येऊ नकोस. डोंगर भित्र्यांचा नाही.”

“चढता तर येत नाहीच,” केतकी म्हणाली, “वर सगळ्यांचा खोळंबा करते. प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा चार चार वेळा चाचपत बसते. बक्कल बघ, गाठ बघ, परत बक्कल बघ. पोरं वैतागतात. अशानं बाकीचेही घाबरायला लागतील.”

“हं.”

“नुसतं हं नका करू हो!”

मास्तर हसले. मग कड्याच्या कडेकडं बघत राहिले.

“माझा बाप मध काढायचा,” ते म्हणाले. “ह्याच कड्यावर. दोराला लोंबकळून.”

“माहितीय. सगळ्यांना माहितीय.”

“दोर कोण धरायचं, ते माहितीय?”

“असेल कुणी तरी पैलवान.”

“माझा मामा.”

“तगडा असेल.”

“किडकिडीत. दम्यानं खोकायचा. आणि असा भित्रा, की अंधार पडल्यावर अंगणात जायचं तर मामीला सोबत न्यायचा. गाव हसायचं.” मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले. “आमच्या घरात रीतच ती. उतरणाऱ्याचा दोर धरायचा तो त्याच्या मेहुण्यानं. बापाला सख्खे भाऊ दोन, दोघं चांगले धट्टेकट्टे. पण दोर मामाकडं.”

“का?”

“मध काढायचा त्या दिवशी मामाला भाकरी जायची नाही. सकाळपासून पाण्यावर. मामा दोर धरायचा, आणि त्याच्या मागं माझी आई उभी. ती काही बोलायची नाही.”

“पण का, मास्तर?”

मास्तरांनी दोर खांद्यावरून उतरवला आणि तिच्यापुढं टाकला.

“घे. धर.”

केतकीचे डोळे चमकले. “दिला?”

“धर म्हणतोय. दिला नाही म्हणालो. मला खाली उतरव.”

“तुम्हाला? अहो, गुडघे…”

“लोंबकळायला गुडघे कशाला लागतात?”

कड्याच्या कडेपासून पाच-सहा हात मागं खडकात लोखंडी मेख ठोकलेली होती. मास्तरांनी केतकीचा पट्टा आखूड दोरीनं त्या मेखेला बांधला. म्हणजे ती ओढली जाऊन खाली जाणार नव्हती. पण कडेपर्यंतही पोचणार नव्हती. पुढं एक दगड होता, त्याला पाय रोवून बसायचं. दोर कमरेमागून घ्यायचा आणि दोन्ही हातांत धरायचा. हे सगळं तिला पाठ होतं. मेखेला बांधलेला दोर तिनं सरावात पुष्कळदा सोडला होता, ओढला होता. नुसत्या हातांवर माणूस मात्र कधी धरला नव्हता.

“दोर मेखेला बांधायचा नाही,” मास्तर म्हणाले. “हातातच धरायचा.”

“मेखेला बांधला तर जास्त सुरक्षित…”

“उद्या पोरं येतील तेव्हा बांध. आज नाही. मेखेला काही वाटत नाही.”

“बरं.”

“मी एक झटका दिला, की ठीक आहे. दोन दिले, की वर घ्यायचं.”

“बरं.”

“आणि आरडाओरडा नाही. डाव्या अंगाला बघ.”

तिला बघायची गरज नव्हती. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची तीन काळी पोळी लटकत होती, परातीएवढी. गुणगुण सारखी ऐकू येत होती. आवाजानं मोहोळ उठलं, तर दोराला लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. म्हणून या कड्यावर सगळे हळू बोलायचे.

मास्तर पाठमोरे झाले. “माझा पट्टा बघितलास?”

“बघितला,” केतकी म्हणाली.

मास्तर कडेवरून मागं झुकले. टोपी दिसली, मग नुसते हात, मग तेही गेले.

दोर हातातून सरकत होता. वजन पुरतं कमरेवर आलं. केतकीला ते आवडलं. किती सोपं आहे, तिला वाटलं. यासाठी तीस वर्षं कुणावर भरवसा टाकला नाही?

आठ-नऊ हात दोर गेला असेल, तेव्हा खालून आवाज आला. “थांबव!”

तिनं थांबवला.

“थोडी ढील दे!”

तिनं दिली. दोर सैल पडला. काही वेळ तसाच राहिला.

“हं, आता घट्ट!”

तिनं ओढून घेतला. दोर पुन्हा तारेसारखा ताठ झाला. एक झटका बसला. ठीक आहे.

“वर घेऊ?” तिनं विचारलं.

“कशाला? छान वारा आहे. शेंगा खातोय.”

ती हसली. “हवेत लटकून शेंगा?”

“अगं, तूही कधी खाऊन बघ.”

मग ते काही बोलले नाहीत. समोर कडा तुटलेला, त्यापलीकडं कोकणची धुरकट दरी. घारीची सावली खडकावरून सरकत गेली.

दहा मिनिटं झाली असतील.

“मास्तर, घेऊ का वर?”

…

“मास्तर?”

मोहोळाची गुणगुण.

ऐकू गेलं नसेल. वारा उलटा आहे. तिनं दोराला एक झटका दिला, म्हणजे ठीक आहात ना? खालून झटका आला नाही. दोर ताठच्या ताठ. मुका.

तिनं पुन्हा दिला. पुन्हा तेच.

झोपले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. म्हातारं माणूस, पोटात शेंगा, गार वारा. पण दोरावर लटकून कुणी झोपतं का?

घोट्यावर मुंग्या चढत होत्या. तिला पाय झटकता येईना.

“मास्तर!” या वेळी आवाज जरा मोठा निघाला. त्यासरशी डावीकडची गुणगुण चढली, वाऱ्याबरोबर मोठी झाली, आणि हळूहळू पुन्हा खाली बसली. केतकीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

ओरडायचं नाही. कडेपर्यंत जाऊन बघता येत नाही. फोन पिशवीत, पिशवी दहा हातांवर. उठून जायचं, तर दोर?

ओढून वर घ्यावं का? तिनं पाय रोवले आणि सगळा जोर लावला. दोर वीतभरही सरकला नाही. जिवंत माणूस पायांनी खडक रेटतो, हलका होतो. हे वजन काहीच करत नव्हतं. नुसतं होतं.

बेशुद्ध माणूस असाच जड होतो, हे तिनंच मागच्या शिबिरात पोरांना शिकवलं होतं. पट्ट्यात लटकून बेशुद्ध पडलेला माणूस फार वेळ जगत नाही, हेही. तेव्हा तिनं ते फळ्यावर लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून.

मग मेखेला बांधावा आणि धावत सुटावं? दोर दोन्ही हातांनीच पेलत होता. गाठ मारायची तर एक हात सोडायला हवा. डावा सोडावा की उजवा? तिनं डाव्या हाताचं एक बोट उचलून बघितलं. दोर हातभर सरकेल असं वाटलं. बोट परत मिटलं.

आणि तेव्हा तिला ते आठवलं.

माझा पट्टा बघितलास?

बघितला.

बघितला होता का?

तिनं डोळे मिटून ते दृश्य पुन्हा समोर आणलं. मास्तर पाठमोरे झाले. ते म्हणाले. आणि ती… ती केसांचा रबर आवळत होती. नजर गेली होती का पट्ट्याकडं? करड्या रंगाचा पट्टा, जुना. बक्कल उलटं वळवून पुन्हा अडकवलं होतं का? तसं अडकवलं नाही, तर ते तणाखाली सरकतं. हळूहळू. जाणवतही नाही. हात लावून बघायचं असतं. तिनं हात लावला नव्हता. नजरही गेली होती की नाही, काय सांगावं…

तिला काही केल्या बक्कल आठवेना. पट्टा आठवला, मास्तरांची मळकी टोपी आठवली, मानेवरचा तीळसुद्धा आठवला. बक्कल नाही.

दोराला बारीक थरथर होत होती. आधीही होती की आता सुरू झाली? थांबून थांबून, वाऱ्यासारखी. माणूस गारठला की असं कापतो. की मरताना?

बक्कल सरकत असेल का ते? इंच इंच?

चार वेळा घारकडा चढताना तिच्या छातीत कधी धडधडलं नव्हतं. आता कानांत ढोल वाजत होता. आपण पडलो तर काय, याचा विचार ती कधी करत नसे. पडलो तर पडलो, संपलं. पण हे संपत नव्हतं. प्रत्येक श्वासाबरोबर नव्यानं सुरू होत होतं.

तिला वालाचं पातेलं दिसलं. चुलीवर. मास्तरीणबाई झाकण काढून बघतायत, पुन्हा ठेवतायत, दाराशी येऊन वाटेकडं बघतायत. दिवस मावळायच्या आत आण गं त्यांना. आणते की. मागं वळून एकदा त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

आता त्यांच्यासमोर काय म्हणून उभं राहायचं?

दगडाची सावली तिच्या बुटापासून गुडघ्यापर्यंत आली. हातांना आता कळ लागत नव्हती, ते कुणा दुसऱ्याचे झाले होते. दोर घामानं चिंब झाला होता. ओल्या दोरावर पकड टिकते का? तिनं तो मनगटाभोवती एक वेढा घेऊन आवळला. हे करू नये, असं तिनंच शेकडो वेळा सांगितलं होतं. मनगट मोडतं. मोडू दे.

“मास्तर,” ती पुटपुटली, अगदी हळू, मोहोळाला ऐकू जाऊ नये म्हणून. “मास्तर, मी पट्टा बघितला नव्हता. मी खोटं बोलले. तुम्ही फक्त एक झटका द्या. मला दोर नको, काही नको. एक झटका…”

गुणगुण. थरथर.

सूर्य दरीवर कलला होता.

“सोड आता.”

आवाज मागून आला.

तिनं मान वळवली. कारवीच्या झुडपांतून मास्तर वर येत होते, गुडघ्यावर हात देत, धापा टाकत. टोपीवर वाळलेली पानं. पट्टा अंगावरच होता.

केतकी त्यांच्याकडं बघत राहिली. मग दोराकडं. दोर अजून ताठ होता. खाली अजून वजन होतं.

“सोड गं.”

तिला मास्तर दिसत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. तरी बोटं उघडेनात. तिनं मान हलवली. नाही. नाही.

मास्तर तिच्याशेजारी खाली बसले. आधी मनगटाचा वेढा काढला. मग तिची बोटं एकेक करून उघडली, झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं काढून घेतात तशी. शेवटची करंगळी सुटली आणि तिच्या तोंडून बारीक किंकाळी गेली.

दोर कुठंच गेला नाही. जरासा सैल पडला, तेवढंच.

मास्तरांनी तिची मेखेची दोरी लांब केली. ती रांगत कडेपर्यंत गेली. पोटावर पडून खाली बघितलं.

आठ हातांवर खडकाची एक पायरी होती. त्या पायरीवर कड्यातून फुटलेलं उंबराचं झाड. दोर त्याच्या बुंध्याला बांधलेला. गाठ नीटस, शिकवताना मारून दाखवतात तशी. शेजारी शेंगांच्या टरफलांचा छोटा ढीग. पायरीवरून एक अरुंद वाट कड्याच्या पोटानं उजवीकडं गेली होती.

“बापाची मधाची वाट,” मास्तर मागून म्हणाले. “मला वाटलं पाव तासात येईन. गुडघ्यांनी तास खाल्ला.”

वारा आला. उंबराची पानं सळसळली. खडकावर पडलेला दोर बारीक थरथरला.

केतकी उठून बसली. आधी रडू आलं, मग संताप.

“झाड! तासभर मी झाडाला धरून बसले होते!”

मास्तरांनी तिला कडेपासून मागं ओढलं.

“मी मेले असते मास्तर, भीतीनं! तुम्ही… हे काय शिकवणं झालं? खाली कुणी नव्हतंच! खोट्या भीतीनं माझा जीव…”

“खोटी होती?”

तिनं दोराकडं बघितलं.

मोहोळ शांत होत चाललं होतं. दूर खाली वाडीत कुणीतरी गुरांना हाका मारत होतं.

“मास्तर,” ती म्हणाली. “तुमचा पट्टा… मी बघितला नव्हता.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं? आणि तरी उतरलात?”



मास्तरांनी पुरचुंडी सोडली, चार शेंगा काढल्या आणि तिच्या तळहातावर ठेवल्या. तळहातावर दोराचा लाल वळ उमटला होता. दोन जागी कातडी सोलली होती.

“खा.”

तिनं एक शेंग फोडली. दाणा ओठांपर्यंत नेला. तिनं हात खाली घेतला.

“जात नाही,” ती म्हणाली.

मास्तर हसले, या वेळी अगदी मनापासून. ती वाट बघत होती, ते काही सांगतील. ते नुसते उठले, खाली वाकून दोराचं तिच्या बाजूचं टोक उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

केतकीनं ते दूर सारलं.

“नको. मला नको मास्तर. चौदा जण आहेत उद्या. चौदा जणांच्या घरी कुणीतरी वाट बघत असणार. मला नाही जमायचं. तुम्ही दुसऱ्या कुणाला…”

“तुझाच आहे तो आता.”

“नाही. माझे हात बघा. अजून कापतायत.”

“कापू दे.”

तिनं दोर उचलला नाही. पण पुन्हा दूरही सारला नाही. दिवस दरीच्या काठावर टेकला होता. मास्तरीणबाई आता दाराशी आल्या असतील, तिच्या मनात आलं, आणि ती एकदम उभी राहिली.

“चला मास्तर. उशीर झाला.”

“चल.” मास्तरांनी पाऊल उचललं आणि थांबले. “पोरं उतरायच्या आधी उद्या तू उतरायचंस. सगळ्यांत पहिली. नुसत्या हातावरच्या दोरानं. मी आज उतरलो तशी.”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या कड्याकडं बघून आवंढा गिळला.

“माझा दोर कोण धरणार? तुम्ही?”

मास्तरांनी टोपीवरची पानं झटकली.

“वाडीवरूनच जायचंय आपल्याला,” ते म्हणाले. “जाईला सांग, उद्या सकाळी काही खाऊन येऊ नकोस म्हणावं.”